कडी आतल्या बाजूला

आमच्या मोहल्ल्याच्या पाठीला लागून असलेल्या मिशनच्या दवाखान्याने आम्हाला फसवलं. सौदा केला, आपला हिस्सा घेतला आणि आमचा हिस्सा विटा लावून बुजवला. हे मी रागात लिहीत नाही. राग माझ्या स्वभावातच आहे, तो वेगळा. बाजारात जे घडतं ते जसं सांगतात तसं सांगतो आहे.

मी जनावरांचा दलाल. दौंड स्टेशनच्या मालधक्क्यावर परक्या लोकांच्या शेळ्या हाकत कामाला लागलो, आणि पुढे स्वतःच्या शेळ्या गाडीत चढवायला लागलो. मधे कुणी हात दिला नाही. शिरूरच्या बाजारातून माल उचलायचा, दौंडला आणायचा, तिथून मुंबईकडे पाठवायचा. सौद्यात मला कुणी गुंडाळलं असं बाजारात कुणी सांगू शकणार नाही. म्हणूनच दवाखान्याची गोष्ट माझ्या घशाखाली उतरत नाही.

ती सांगण्याआधी बाजाराची एक रीत सांगायला हवी. धंद्यात नवा होतो तेव्हा शिरूरच्या बाजारात न्हावऱ्याच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून म्हैस घेतली. सौदा मिटल्यावर त्याने म्हशीच्या गळ्यातलं दावं सोडलं, गुंडाळलं आणि स्वतःच्या खांद्यावर टाकलं.

मी म्हणालो, "आबा, दावं कुठं घेऊन चाललात? म्हैस काय खिशात घालून नेऊ?"

"म्हस तुझी, दावं माझं," म्हातारा म्हणाला. "दावं दिलं म्हंजी गोठ्यातली बरकत गेली. कवा बाजार बघितलाय का न्हाई?"

"मग मी हिला नेऊ कशाने?"

"तुझ्या लुंगीच्या काठानं ने. मला काय इचारतो!"

आसपासचे हसले. मी नवं दावं विकत आणलं. तेव्हा कळलं की विकणारा दावं ठेवतो, जनावर ठेवत नाही. दावं त्याच्या घरी खुंटीला लटकतं आणि म्हैस आपल्या गोठ्यात दूध देते. त्यावर पुन्हा कधी वाद घातला नाही.

बहात्तरचा दुष्काळ उलटून गेला होता. दवाखान्यात तेव्हा एक गोरी डॉक्टरीण होती. तिचं मराठी पुस्तकातलं. "आपण बसावे, आपण जीभ दाखवावी," असं बोलायची. ही शेळीलासुद्धा "आपण बाजूला व्हावे" म्हणेल, असं आमच्या गल्लीत म्हणायचे. दवाखाना मोठा, औषध चांगलं, पण येणारे बहुतेक आमचे पुरुष. बायका मोजक्याच. कारण साधं होतं. दवाखान्याचं फाटक पलीकडे, बाजाराच्या रस्त्यावर. दवाखान्याची मागची भिंत आणि आमच्या घरांच्या मधे फक्त जमातीची मोकळी जागा, पण फाटकापर्यंत जायचं तर सगळी गल्ली, मग मटण मार्केट, मग भर बाजार, आणि फाटकात शिरलं की खिडकीमागे बसलेला कारकून. दिवस भरलेली बाई एवढ्या नजरांतून जाणार नाही. ती दाई बोलावणार, आणि दाईच्या हातून जे व्हायचं ते होणार.

दवाखान्याला वेगळीच अडचण होती. त्यांची जमीन मागे उताराची. सगळं सांडपाणी मागच्या भिंतीला तुंबायचं आणि वॉर्डापर्यंत वास जायचा. आमच्या मोकळ्या जागेतून नाली काढली तर पाणी सरळ ओढ्याला जाणार होतं. डॉक्टरीण ती जागा बघायला स्वतः आली. जमातीच्या बुजुर्गांनी मला पुढे केलं. म्हणाले, "बोलणं तुझं काम."

मी तिला म्हणालो, "नाली काढा. पैसे नकोत."

तिने माझ्याकडे बघितलं. पैसे नकोत म्हणणारा दलाल तिने पहिल्यांदाच बघितला असावा. "मग आपल्याला काय हवे?"

"या भिंतीत एक दार."

"दार कशासाठी?"

"आमच्या बायकांसाठी. गल्लीतून निघतील, इथून आत जातील. ना बाजार, ना खिडकी."

ती विचारात पडली. "परंतु मग पुरुषही येतील."

"पुरुष आला तर मी त्याचे पाय मोडीन."

"मग तो पाय मोडलेला पुरुष समोरच्या फाटकाने येईल," ती म्हणाली. "ठीक आहे. दार करू. मात्र कडी आमच्या बाजूला राहील. आतल्या बाजूला."

मला न्हावऱ्याचा म्हातारा आठवला. म्हटलं, दावं ठेवते आहे, ठेवू दे. दार तर आपलं झालं. मी होकार दिला, आणि तिने हात पुढे केला. परक्या बाईचा हात कसा धरायचा म्हणून मी खांद्यावरचा रुमाल पुढे केला. तिने रुमालाचं दुसरं टोक धरलं. बुजुर्ग बघत होते. आमच्या धंद्यात एवढं पुरतं.

नाली खोदली गेली, दार बसलं. सागवानी नव्हतं, साध्या फळ्यांचं होतं, वरून हिरवा रंग. सकाळी एक ख्रिस्ती नर्स आतून कडी काढायची. आवाज माझ्या घरापर्यंत यायचा, कारण माझं घर त्या मोकळ्या जागेच्या कडेलाच. आत गोणपाटाचा पडदा, पुढे व्हरांडा, व्हरांड्यात बाकं. तपासणीच्या आधी तिथे प्रार्थना व्हायची. बायका डोक्यावर पदर घेऊन ऐकायच्या आणि ओठांतल्या ओठांत आपलं काहीतरी पुटपुटायच्या. माझी आई म्हणायची, "ते त्यांच्याकडे मागतात, आपण आपल्याकडे. गोळी दोघांची एकच."

पहिल्यांदा आईच गेली, खोकल्यासाठी. मग हळूहळू सगळी गल्ली. ईदला शीरखुर्म्याची पातेली त्या दारातून आत जायची, नाताळला परत यायची ती करंज्यांनी भरून. सासवा-सुनांची भांडणंसुद्धा घरातून उठून त्या व्हरांड्यात गेली. डॉक्टरीण एका सासूला म्हणाली होती, "आपण आपल्या सुनेला दूध द्यावे, सल्ला कमी द्यावा." ते वाक्य पुढे गल्लीत लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकू यायचं.

पुरुष कुरकुरायचे. "बायका घरात कमी, दवाखान्यात जास्त." बुजुर्गांपैकी एक चाचा मला म्हणाले होते, "विचारून जायचं असतं. हल्ली कळतसुद्धा नाही, कोण गेली, कोण आली." मी म्हणालो, "चाचा, खोकला विचारून येतो का?" ते हसले नाहीत. तेव्हा मी लक्ष दिलं नाही.

आता माझ्या बहिणीचं. धाकटी, एकुलती. शिरूरला दिली होती. तिची सासू तोंडाने तिखट, पण व्यवहाराला पक्की. मला ती आवडायची, कारण तिच्याशी बोलताना बाजारात उभं असल्यासारखं वाटायचं. बहिणीचं पहिलं बाळंतपण सासूने शिरूरलाच करवलं, घरच्या दाईकडून. मूल अडलं आणि गेलं. बहीण वाचली, ते तिच्या नशिबाने.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी शिरूरच्या बाजारातून सरळ त्या घरी गेलो. सासू पाटावर बसून लसूण सोलत होती.

मी म्हणालो, "खाला, या खेपेला तिला माहेरी न्यायची. आमच्याकडे दवाखाना आहे."

"दवाखाना इथं न्हाई व्हय? पण आमच्या घरची बाई परक्या पुरुषांच्या पुढं झोपणार न्हाई."

"आमच्याकडे पुरुष नाहीत. मागचं दार आहे. आमच्या उंबऱ्यापासून त्या उंबऱ्यापर्यंत कोंबडीसुद्धा आडवी येत नाही. आत सगळ्या बायका."

"तू दलाल माणूस. तुझ्या म्हशी बी समद्या दुधाच्या असत्यात."

"एक तरी भाकड निघाली का?"

ती लसूण सोलायची थांबली. "जबान देतो?"

"देतो. कुणाची सावली तिच्यावर पडणार नाही. आई आणि मूल दोन्ही परत आणून देतो."

"बघ हां. माझ्या ल्योकाचं पोर हाय ते. त्याचं घर माझं हाय. जबान मोडली तर तुझ्या दारात येऊन बोलीन."

मी बहिणीला एसटीने दौंडला आणलं. तिने खिडकीशेजारची जागा मागितली आणि सगळा रस्ता बाहेर बघत राहिली. आईला पाहिल्यावर पहिलं विचारलं ते दाराचं. आईने तिला तेव्हाच नेऊन दाखवलं. डॉक्टरणीने तपासलं, म्हणाली, "बाळ आडवे आहे, पण आपण वेळेवर यावे, मी आहे."

पण डॉक्टरीणच दौंडात राहिली नाही. गोऱ्या लोकांना सरकार राहू देत नव्हतं, परवाने संपत होते, असं काहीतरी होतं. निरोपाला बायका मागच्या व्हरांड्यात आणि पुरुष समोर, असे दोन समारंभ झाले. मी फाटकाशी तिला गाठलं. विचारलं, "आमचं दार?"

"दार राहील. नव्या साहेबांना मी सांगितले आहे. दुसऱ्या डॉक्टर बाई येत आहेत."

"कडी?"

"कडी नर्स काढेल. रोजच्यासारखी." मग म्हणाली, "आपल्या बहिणीला माझा नमस्कार."

दवाखान्याचा कारभार बघायला नवे साहेब आले. आपल्याच मुलखातले ख्रिस्ती, इस्त्रीचे कपडे, चेहरा हसरा. कुणाला वाईट बोललेले मी ऐकले नाही. नव्या डॉक्टर बाईही आल्या. मी निर्धास्त झालो.

बहिणीला कळा सुरू झाल्या तो बाजाराचा दिवस. मी धक्क्यावर होतो. शेजाऱ्याने येऊन सांगितलं तसा पळत घरी आलो. घर उघडं. आई मोकळ्या जागेत, भिंतीशी. हिरव्या दारावर दोन्ही तळहातांनी मारत होती आणि नर्सला नावाने हाका मारत होती. बहीण शेजारच्या बाईच्या अंगावर रेलून उभी. एक हात पोटावर, दुसऱ्या हाताने तिने दाराची चौकट धरली होती.

"भाई, खोलते नहीं," ती मला म्हणाली.

मी दाराला खांदा लावला. दार हललं नाही. लाकूड कसं वाजतं ते मला ठाऊक आहे. हे लाकडासारखं वाजत नव्हतं. मी शेजारच्या ओट्यावरून भिंतीवर चढलो आणि आत वाकून बघितलं. दाराच्या मागे विटा. खालपासून चौकटीच्या वरपर्यंत, चुना अजून ओला. आमच्या बाजूने दार तसंच, रंग तसाच, फळ्या तशाच. गेल्या एक-दोन दिवसांत ज्या बायका दार बंद बघून परतल्या, त्यांना वाटलं होतं नर्सला उशीर झाला असेल.

आत एक पहारेकरी होता. मी वरूनच ओरडलो, "हे काय केलं?"

"वरून हुकूम आहे. पुढून या."

"बाई अडली आहे! भिंत पाड!"

"मी कशी पाडू, मामा? नोकरी माझी जाईल. पुढून या ना, लगेच घेतील."

लगेच! मी खाली उतरलो. टांगा आणायला माणूस पाठवला, तो आला नाही, बाजारात अडकला. शेवटी घरातली बाज काढली, तिच्यावर बहिणीला ठेवलं, वर चादर घातली, आणि गल्लीतल्या पुरुषांनी उचलली. ज्यांच्यापासून लपवायचं त्यांच्याच खांद्यावरून ती गेली. मटण मार्केटमधून, कांद्याच्या ढिगांमधून, पाटीवाल्यांच्या गर्दीतून. लोक बाजूला होत टोप्या काढायला लागले, त्यांना वाटलं मयत आहे. एकाने विचारलंसुद्धा, "कोण गेलं?" चादरीखाली बहिणीने ते ऐकलं. ती ओरडत होती, तेव्हापासून गप्प झाली.

फाटकात खिडकी. कारकुनाने विचारलं, "पेशंटचं नाव? नवऱ्याचं नाव? राहणार?" मी खिडकीच्या गजांतून हात घालून त्याची कॉलर धरली. दोन माणसांनी मला ओढलं. तेवढ्यात आतून ती नर्स धावत आली, चादर उचलून बघितली आणि बाज आत घेतली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला म्हणाली, "भाई, मला विचारलंसुद्धा नाही हो कुणी."

मूल मुलगा होता. मेलेला. बहिणीला वाचवायला गर्भाची पिशवी काढावी लागली. नव्या डॉक्टर बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. त्या माझ्यावरच चिडल्या, "आडवं मूल आहे हे माहीत होतं ना? मग इतका उशीर का केला? तुम्ही लोक बायकांना शेवटी आणता." मी त्यांना हाताला धरून मागच्या व्हरांड्यात नेणार होतो, विटा दाखवायला. मधे नर्स आली, म्हणून राहिलं.

पुढे मी साहेबांच्या खोलीत गेलो. त्यांनी खुर्ची दिली. मी बसलो नाही.

"दार कुणी बंद केलं?"

"एकच प्रवेशद्वार असावं असा निर्णय आहे. औषधं जातात, पेशंटची नोंद राहत नाही. जे झालं त्याचं मला फार वाईट वाटतं. आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली."

"आमचा सौदा झाला होता."

"माझ्या माहितीत तसं काही नाही. आणि खरं सांगू का, तुमच्याच समाजाच्या वडीलधाऱ्यांनी येऊन विनंती केली होती."

"कुणी?"

"नावं सांगणं बरोबर होणार नाही."

"मग नालीचं काय? दार नाही तर नाली नाही. तुमचं पाणीसुद्धा पुढच्या फाटकाने काढा."

त्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "तो वेगळा विषय आहे."

तिथून मी सरळ मशिदीसमोर. बुजुर्ग ओट्यावर बसलेले. मी विचारलं, दार बुजवायला सांगायला कोण गेलं होतं? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. चाचा म्हणाले, "बुजवा असं कोण म्हणेल? आम्ही एवढंच बोललो की बायकांच्या येण्याजाण्यावर जरा नजर असावी. भिंत त्यांनी घातली."

"म्हणजे गेला होतात."

"बोलायला गेलो होतो. आणि कडी आत ठेवायला कबूल कोण झालं होतं? तू. बाहेरून कडी असती तर आम्हाला विचारल्याशिवाय त्यांना काही करता आलं असतं का? मोठा दलाल!"

ओट्यावर कुणीतरी हसलं. मी त्या दिवशी हात उचलला नाही, पण माझा आवाज ऐकून मला आवरायला लोक आईला बोलवायला धावले होते.

दुसऱ्या दिवशी मी दगड आणि मुरूम टाकून नाली बुजवली. पाणी मागे त्यांच्या भिंतीला तुंबेल, असा हिशेब. पण उतार आमच्या गल्लीकडेही होता. पाणी वळून आमच्याच गल्लीत शिरलं, घराघरांत. संध्याकाळी चाचा आणि इतरांनी फावडी घेऊन नाली पुन्हा मोकळी केली. बायका दारांतून बघत होत्या.

शिरूरची खाला बोलल्याप्रमाणे आली. माझ्या दारात उभी राहिली, आत आली नाही.

"जबान दिली होतीस."

"दार त्यांनी बुजवलं, खाला."

"मी दाराशी सौदा केला न्हवता. तुझ्याशी केला होता. आता माझ्या घराला वारस कुठनं आणू? पोराचं दुसरं करावंच लागंल. हिला ठेव म्हणलास तर ठेवीन, पण कोपऱ्यात." तिने आत बहिणीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "न्हाईतर राहू दे हितंच. तुझ्याकडं बरी राहील."

बहीण आतून म्हणाली, "मी इथंच राहते." तेवढंच. खाला रडली, आणि एसटीला गेली.

त्यानंतर आमच्या गल्लीत पुन्हा दाई यायला लागली. दवाखान्यात बायका पुन्हा मोजक्याच. ती नर्स बदली होऊन गेली. आई वर्षभरात गेली, त्याच खोकल्याने. पुढच्या फाटकाने दवाखान्यात ती शेवटपर्यंत गेली नाही ती नाहीच. बहीण माझ्या घरी लोकांची झबली-टोपरी शिवते. तिचं मशीन खिडकीशी होतं, तिथून ते हिरवं दार दिसायचं. एके दिवशी घरी आलो तर मशीन आतल्या अंधाऱ्या खोलीत.

दार अजून तसंच आहे. रंग उडाला आहे, बिजागऱ्या गंजल्या आहेत, पण फळ्या शाबूत. नव्या माणसाला वाटेल, ढकललं तर उघडेल. आणि त्याच्या खालून दवाखान्याचं सांडपाणी रोज वाहतं. आमच्या जागेतून, माझ्या उंबऱ्यासमोरून, ओढ्याकडे. त्यांचा हिस्सा त्यांना रोज मिळतो. न्हावऱ्याच्या म्हाताऱ्याने दावं ठेवलं होतं, पण म्हैस परत न्यायला तो कधी आला नाही.

साहेब म्हणतात बुजुर्गांनी सांगितलं. बुजुर्ग म्हणतात साहेबांनी केलं. वरून हुकूम, असं पहारेकरी म्हणाला होता. वर म्हणजे कुठे? तिथे कोण बसतं? मला प्रार्थना नको आणि माफीही नको. साहेबांनी यावं, चाचांनी यावं, आणि तो वरचा जो कोण असेल त्यानेही यावं. मोकळ्या जागेत, त्या दारासमोर उभं राहावं. मी बहिणीला बाहेर आणून खुर्चीवर बसवतो. तिच्या तोंडावर एकाने तरी सांगावं, विटा लावा असं म्हणालो तो मी. बोला, कोण येतो?